चेहऱ्यापाशी थांबलेली कात्री

बाल्टिमोर, ९ नोव्हेंबर

टेव्हॉन,

डावा पाय, मांडीत गोळीचं भोक: जुन्या ब्युइक गाडीच्या सीटचा फोम, वरून तपकिरी रेक्झिन, आत माशांच्या टाकीची नळी. उजवा दंड, तसाच, पण भोक आरपार. छात्या तीन. एक पोट, ज्याला कर्ट 'सोफा' म्हणतो. मान एकच केली, कारण मानेची कातडी मला अजून मनासारखी साधलेली नाही. रक्त खेळवायला भंगारातल्या गाड्यांचे काचेवर पाणी मारायचे पंप, आणि ते नाडीसारखे उसळत थांबत चालावेत म्हणून बसवलेलं बटण. रक्त म्हणजे बीटाचा रस, मक्याचा पाक आणि चिमूटभर कोको. कोको नसला तर दिव्याखाली ते सरबतासारखं गुलाबी दिसतं. बाकं, फळा, भिंतीवरचे खुंटे, प्रत्येकाच्या कात्रीला चामड्याचं म्यान. रक्त थांबवायला शिकवायच्या वर्गाचे हे पुतळे, हे सगळं सामान मी माझ्या दोन हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. कुठल्याही कारखान्याचा माल शेजारी आणून ठेवा आणि टाके मोजा.

या यादीत शेवटचं नाव मी तुझं घ्यायचो. पाहुणे आले की मुद्दाम घ्यायचो. 'आणि हा टेव्हॉन ग्रॉस. हाही याच सीट शिवायच्या दुकानात घडला.'

पत्ता तुझ्या आजीने दिला. सहजासहजी नाही. मिस व्हर्नेल म्हणाली, "लेम, पोराला शिव्या लिहिणार असशील तर तिकीट मी चिकटवणार नाही." मी म्हटलं, तिकीट माझं मी चिकटवीन. तिच्याकडूनच कळलं की तू नॉर्थ कॅरोलायनात चुलतभावाकडे राहतोस आणि कोंबड्यांच्या कारखान्यात मांड्या सोलतोस. चांगलं आहे. सांधा कुठे असतो ते तुला मी शिकवलंय, तेव्हा पगार पुरता घे.

वर्ग चालू आहे. तू गेल्यावर आणखी चौघे गेले. उरलेल्यांत कर्ट आणि अमारी बरे आहेत, बाकीच्यांना अजून गॉज नुसतं जखमेवर ठेवायची सवय आहे, आत कोंबायची नाही. सह्या करायला डॉक्टर व्हिटलॉक शनिवारी येतात, शिकवायला मी. रुग्णवाहिकेच्या नोकरीची परीक्षा १४ मार्चला आहे. तुझा अर्ज मी भरलाय. तुझा खुंटा रिकामा आहे, कारण कात्री तू घेऊन गेलास. कात्री घेऊन परत ये.

१२ ऑक्टोबरबद्दल या पत्रात मी एक शब्दही लिहिणार नाही. फक्त एवढं सांग: दर शनिवारी या खोलीत मी घसा फोडून काय ओरडायचो? 'कापा. कापड बघू नका, कापा. शिवायला मी आहे.' मग मोंटेलचा शर्ट तू का कापला नाहीस?

अक्षराकडे बघू नकोस. दुकानात थंडी आहे.

लेम्युएल डॉर्सी


२ डिसेंबर

टेव्हॉन,

पार्सल मिळालं. आत कात्री, चिठ्ठी नाही. म्हणजे तुझं उत्तर झालं, असं तुला वाटत असेल.

पण कात्री बघितली. पात्यांना तेल, मळसूत्र घट्ट, वर मेणकागद. ज्याला काम सोडायचंय तो कात्री गटारात टाकतो, तिला तेल लावत बसत नाही. मी तिला पुन्हा धार लावली आहे आणि या पत्रासोबत तुझ्याकडेच परत पाठवतोय. असं हे मी टपालखातं थकेपर्यंत करू शकतो.

तू बोलत नाहीस, त्यावरून मला कळतं की त्या दिवसाचं तू डोक्यात काहीतरी वेडंवाकडं रचून ठेवलं आहेस. म्हणून आता मीच नीट लिहितो. तपशिलात चूक सापडली तर कळव.

जेरेलला जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्या पांढऱ्या पायरीवर माझा मुलगा गेला, तिथेच त्याच्या आईने, ओडेसाने, मेणबत्त्या मांडल्या. त्या वेळी त्याच्या मांडीत एकच गोळी लागली होती. भोवती गल्लीतली निम्मी माणसं टॉवेल घेऊन उभी होती आणि सगळ्यांनी टॉवेल वरून ठेवले. आत बोट घालून दाबायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. तूही त्यात होतास, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी गाडीची सीट शिवत होतो. इस्पितळवाल्यांना मी सांगतो की टेकडीवरच्या त्या इमारतीत आपली काळी पोरं एक तर स्ट्रेचरवरून शिरतात, नाही तर फरशी पुसायला. आता ती रुग्णवाहिका चालवत शिरतील, शस्त्रक्रियेच्या खोलीत हातमोजे चढवून उभी राहतील. तेही खरंच आहे. पण वर्ग मी त्या टॉवेलांमुळे काढला.

तर, निळे फुगे. सगळ्यांच्या अंगात तोच पांढरा शर्ट, छातीभर जेरेलचा हसरा चेहरा, खाली जन्माची आणि मरणाची तारीख. मी माझा लोकरी कोट घातला होता. त्याच्या आठवणीत फुगे आकाशात सोडायचे म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या, आणि कोपऱ्यावरून ती चंदेरी गाडी वळली. कोण होते, कुणासाठी आले होते, ते आजही माहीत नाही. पहिले आवाज आले तेव्हा फुगे फुटतायत म्हणून दोन पोरं हसली.

मी हात पुढे केला. कशासाठी ते विचारू नकोस, गोळी काय हाताने अडते? ती उजव्या तळव्यातून घुसली आणि मधली दोन बोटं घेऊन गेली. त्यातून रक्ताची चिळकांडी ओडेसाच्या मेणबत्त्यांवर गेली आणि त्या चरचरून विझल्या. शेजारी मोंटेल रस्त्यावर पडला. ओडेसाच्या बहिणीचा धाकटा, अजून मिशीही न फुटलेला.

तू आधी माझ्याकडे आलास. मी ओरडलो, "मला सोड, तिकडे जा!" तू म्हणालास, "गप्प बसा, मिस्टर लेम, नाहीतर तोंडालाही पट्टा बांधीन." मनगटापासून खांद्यापर्यंत बाही एका कापात उघडलीस. दंडाला पट्टा चढवलास, दांडी पिळलीस, मी तुझ्या आईवरून शिव्या घातल्या तरी पिळत राहिलास. रक्त थांबलं. मग तू मोंटेलकडे धावलास.

त्याच्या पोटातलं भोक समोरच दिसत होतं. तू कात्री काढलीस, हे मी बघितलं. शर्टाच्या काठाला लावलीस, हेही बघितलं. आणि ती खाली ठेवून शर्ट हाताने वर सारलास. गॉज आत कोंबलंस, दोन्ही मुठी रोवून दाबलंस. उत्तम दाबलंस. ओरडलास, "थांबलं! मिस्टर लेम, थांबलं!" आणि तुझ्या मुठींखाली मोंटेल राखेच्या रंगाचा होत गेला. शर्ट त्याच्या छातीवर गोळा झाला होता, जेरेलचा चेहरा चुरगळून, आणि त्या गोळ्याखाली डाव्या बगलेत दुसरं भोक होतं. तिथलं रक्त पाठीखालून उताराने गटाराकडे चाललं होतं. रुग्णवाहिका आली, त्यातल्या बाईने पहिल्या झटक्यात शर्ट फाडला आणि बगल दिसली. तोवर काही उरलं नव्हतं.

मग मी तुला मारलं. तू त्याच्या अंगावर वाकलेला असताना मारलं. नाक फुटलं तुझं. त्याच्या आईसमोर, ओडेसासमोर, सगळ्या गल्लीसमोर मी म्हणालो, "कापायला शिकवलं होतं तुला!" तू म्हणालास, "त्याच्यावर जेरेल होता, मिस्टर लेम." आणि मी तुला पुन्हा मारलं.

तो हात डावा होता. हे लिहितोय तोही तोच. दुसऱ्यात आता दाभण धरवत नाही. दुकानात थंडी वगैरे काही नाही, हीटर मी ऑगस्टमध्येच दुरुस्त केलाय.

डॉक्टर व्हिटलॉक म्हणाल्या, बगलेतली शीर फाटली होती, वेळेवर सापडली असती तरी तो कदाचित गेला असता. मी विचारलं, कदाचित म्हणजे किती? त्या म्हणाल्या, कदाचित म्हणजे कदाचित. हा शब्द मी तुला औषध म्हणून पाठवत नाही. तो उच्चारला गेला, म्हणून लिहिला.

कोट मी फेकलेला नाही. कापलेली कड भिंगाखाली धरली. सरळ आहे. कुठे दातरा नाही. मला स्वतःला, चांगल्या हाताने, याहून

असो.

ले. डॉर्सी


६ जानेवारी

टेव्हॉन,

नवीन वर्षाला आपल्या रिवाजाप्रमाणे चवळी आणि डुकराचं मांस खाल्लंस की तिथेही कोंबडीच?

मी नवा पुतळा केला. पूर्ण माणूस. पोटात एक भोक, डाव्या बगलेत एक. माप आठवणीतून घेतलं. टाके मी सांगितले, घातले अमारीने. त्याचे टाके म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसे, पण पाणी गळत नाही. आणि पुतळ्याच्या अंगात मी जेरेलचा शर्ट घातला. ओडेसाने मला दिलेला, घडीही न मोडलेला.

पोरं आली, बघितलं, आणि कुणी बाकावर बसेना.

कर्ट म्हणाला, "हे नाही हां, मिस्टर लेम. हे म्हणजे चर्चमध्ये उभं राहून शिवी देण्यासारखं आहे."

"परीक्षेत असं येत नाही," अमारी म्हणाला. "दुसरा घाला ना. रेव्हन्सचा घाला, फुटबॉलवाल्यांचा."

"रेव्हन्सचा तर मी मेलो तरी कापणार नाही," कर्ट म्हणाला, आणि सगळे उगाच हसले.

मी म्हटलं, बगलेतून रक्त चाललंय, हसताय कसले? पंप चालू केला. अमारीने कात्री घेतली, काठाशी नेली, हनुवटीपर्यंत आला आणि तिरका वळून कानाशेजारून कापायला लागला. चेहऱ्याला वळसा घालून! मी त्याला जे बोललो ते कागदावर येण्यासारखं नाही. सगळे निघून गेले. बीट फरशीवर गळत राहिलं.

मग तीन दिवसांनी ड्वेन आला. मोंटेलचा मोठा भाऊ. एका हातात पहार, दुसऱ्यात खोकी कापायचा चाकू.

"कुठाय तो?"

"कोण?"

"तुमचा डॉक्टर."

"टेव्हॉन इथे नाही. कुठे आहे ते मी सांगणार नाही."

"माझा भाऊ मातीत, आणि तुमचे बाहुले धडधाकट. नाही का, म्हाताऱ्या?"

मी मध्ये उभा राहिलो. पहारेच्या बुंध्याने त्याने माझ्या तोंडावर मारलं. वरचा एक दात तिथेच पडला, शेजारचा नंतर मी स्वतः ओढून काढला. मग त्याने सुरुवात केली. पाय उभा चिरला. तिन्ही छात्या. मान, जी मला तशीही आवडत नव्हती, तिचे तुकडे. पहारेने पंप फोडले तेव्हा ते चालूच होते, त्यामुळे बीट छतापर्यंत उडालं आणि तो डोक्यापासून कमरेपर्यंत लाल झाला. फोम उचकटताना तो रडत होता आणि प्रत्येक वाराबरोबर तुझं नाव घेत होता. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, आत खून पडतोय.

शेवटी नवा पुतळा राहिला. त्याने चाकू डोक्यावर नेला, आणि समोर जेरेल हसत होता.

तो थांबला. हात वरच राहिला.

मी जमिनीवरून म्हटलं, "काप की. सगळं फाडलंस, हेच का नाही?"

"नाही होत," तो म्हणाला.

पातं आत घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. शर्टाकडे बघत म्हणाला, "हा शर्ट याला कुणी घातला?" मी म्हटलं, मी. म्हणाला, "तुम्ही वेडे आहात." मी म्हटलं, असेन, पण झाडू त्या दाराआड आहे. केर त्याने काढला, छत मात्र अजून लाल आहे.

तेव्हापासून 'नाही होत' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. एवढा पेटलेला माणूस, हातात चाकू, अडवायला कुणी नाही, आणि त्याचंही तिथेच अडलं.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि स्वतः कात्री घेतली. डाव्या हाताला ती उलटी बसते, पण कापड पातळ आहे, कापायला कितीसं लागतं? काठ उचलला, खालचं पातं अंगाला टेकवलं, पोटापर्यंत

इथे थांबतो. गिऱ्हाईक आलंय.

ले. डॉ.


१० फेब्रुवारी

टेव्हॉन,

मागच्या पत्रात गिऱ्हाईक आलं असं लिहिलं होतं. कुणी आलं नव्हतं.

या शनिवारी ओडेसा आली. आम्ही वेगळे झाल्यापासून तिने या दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. चर्चची टोपी, हातात ती विटेसारखी पर्स. वर्ग भरलेला. दारातूनच म्हणाली, "लेम्युएल डॉर्सी, माझ्या पोराचा चेहरा तू बाहुल्याला घातलास?"

मी उत्तर द्यायच्या आत पर्स बसली. नेमकी नव्या दातांवर. दुसरी कानावर. तिसरी कर्टने हातावर घेतली, बिचारा मध्ये पडला होता. कुणी तिला धरायला गेलं नाही. माझ्या ओठातून रक्त यायला लागलं तेव्हा ती थांबली आणि टोपी सरळ केली.

"काय शिकवतोस यांना?"

"कापायला."

"मग कापलं कुणी?"

सगळे बुटांकडे बघायला लागले. कर्ट म्हणाला, "मिस ओडेसा, आम्ही प्रयत्न केला, पण..."

"तू गप्प बस, जाड्या." मग माझ्याकडे वळली. "आणि तू?"

"माझा हात..."

"हाताचं मला सांगू नकोस. तुझे हात मला माहीत आहेत."

ती पुतळ्यापाशी गेली. शर्टावरची एक सुरकुती तळहाताने सपाट केली, शाळेत पाठवताना करतात तशी. हात मागे पसरला. अमारीने त्यात कात्री दिली.

"कुठून?" तिने विचारलं.

"काठापासून. गळ्यापर्यंत. खालचं पातं अंगाला टेकलेलं ठेव."

तिने कापलं. थांबली नाही. दोन्ही तारखा, हनुवटी, ओठ, नाक, मग दोन डोळ्यांच्या मधून वर गळ्यापर्यंत. कापडाचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि तो असा कधी ऐकला नव्हता. अर्धा चेहरा इकडे पडला, अर्धा तिकडे. मी बटण दाबलं. बगलेतलं भोक उसळायला लागलं.

"आता?"

"बोट आत घाल. गॉज कोंब. आणखी. दाब. दोन्ही हातांनी दाब."

तिने दाबलं. बीट कोपरांपर्यंत, चर्चच्या झग्याच्या पुढच्या भागावर, पायातल्या पांढऱ्या बुटांवर. हळूहळू उसळी कमी झाली आणि थांबली. ती तशीच वाकून राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच करायचं होतं?"

ती मोंटेलबद्दल विचारत नव्हती. जेरेलच्या त्या पायरीबद्दल विचारत होती.

मग ती हात पुसत म्हणाली, "गाडीत शर्टांची दोन खोकी पडलीत. आण, जाड्या. कुणाचं रक्त थांबत असेल तर सगळे फाडा." आणि पोरांनी कापले. एकेकाने. कर्टला कापताना हुंदका आला आणि कात्री वाकडी गेली. मी त्याला पुन्हा करायला लावलं. अमारीने या वेळी वळसा घातला नाही.

ड्वेन खिडकीबाहेर उभा होता, तळलेल्या कोंबडीचा डबा हातात धरून. आत येत नाही, पण शनिवारी असतो. तुझ्यासाठी त्याने निरोप दिलाय: तो तुला शोधत नाही. शब्दशः एवढंच म्हणाला. मी त्यात काही घातलेलं नाही.

निघताना ओडेसाने विचारलं, "टेव्हॉनला लिहितोस म्हणे. त्याला मारलंस ते लिहिलंस?"

"सगळं लिहिलं."

"सगळं म्हणजे?"

"जे झालं ते."

"मी काय विचारतेय ते तुला कळतंय, लेम."

मला कळत होतं.

एक शर्ट ठेवलाय. घडी करून तुझ्या खुंट्यावर.

लेम डॉर्सी


१ मार्च

टेव्हॉन,

कर्टला फोन करून परीक्षेची वेळ विचारलीस. मला विचारली असतीस तर केंद्राचं कुठलं दार उघडं असतं तेही सांगितलं असतं. असो. त्याला तू आणखी एक विचारलंस: 'माझं नाव काढलं का?' कर्टला माहीत नव्हतं. म्हणाला, म्हाताऱ्यालाच विचार. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

नाव आहे. कसं राहिलं, ते एकदाच लिहितो.

गुरुवारी डॉक्टर व्हिटलॉक एका माणसाला घेऊन आल्या. मिस्टर हॅलोरन, टेकडीवरच्या त्या इस्पितळाच्या धर्मादाय निधीचे. चांगले बूट. येताच 'सोफ्या'वर बसले. मी शिवून पुन्हा उभा केलेलं पोटच ते. बसताक्षणी खालून बीट आलं. कर्ट खोकल्याचं सोंग करत बाहेर गेला.

हॅलोरन म्हणाले, वर्ग इस्पितळात न्यायचा. तिसरा मजला, खिडक्या असलेली खोली, विकतचे पुतळे. जो पास होईल त्याला त्याच आठवड्यात नोकरी, रुग्णवाहिकेवर किंवा शस्त्रक्रियेच्या खोलीत. प्रमुख मी, पगार, आणि विमा. विम्यात माझा हात बसतो. दोन शस्त्रक्रिया केल्या तर दाभण पुन्हा धरता येईल, असं डॉक्टर व्हिटलॉक म्हणाल्या, आणि 'कदाचित' हा शब्द त्या किती जपून वापरतात हे तुला माहीत आहे; या वेळी तो वापरला नाही.

मग त्यांनी एक कागद काढला. मोंटेलला हात लावणारा आमच्या वर्गातला होता हे वर्तमानपत्रात छापून आलंय. वकिलांना ते नको आहे. कागदावर एकच वाक्य होतं: टेव्हॉन ग्रॉस शिकवणीविरुद्ध वागला आणि १२ ऑक्टोबरलाच त्याला वर्गातून काढण्यात आलं.

मी म्हटलं, "काढलेलं नाही."

"ती केवळ तारीख आहे," ते म्हणाले. "पहिला भाग तर खराच ना? शिकवणीविरुद्ध तो वागला. तुम्हीच सगळ्यांसमोर तसं म्हणालात."

म्हणालो होतो. मी कागद पुन्हा वाचला. तुला ठाऊक आहे, मी चुकीच्या मापावर सही करत नाही. मी काय शिकवलं होतं? कापा. कशावर शिकवलं होतं? जुन्या चादरी, फाटके बनियन, गॅरेजवाल्यांचे डगले. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर कुणा ना कुणा मेलेल्याचा चेहरा असतो, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, माझ्या स्वतःच्या मुलाचा होता, आणि मी तो एकदाही पुतळ्यावर चढवला नाही. ते तुला कुणी शिकवलंच नव्हतं. जे शिकवलंच नाही त्याच्याविरुद्ध माणूस वागेल कसा?

हे मी हॅलोरनना सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही. डॉक्टर व्हिटलॉकना कळलं.

सहीची जागा माझी, पण नोकऱ्या पोरांच्या. म्हणून त्यांना विचारलं. कर्ट म्हणाला, "तिथे एसी आहे?" हॅलोरन म्हणाले, आहे. कर्टने मोठा उसासा सोडला. अमारीने विचारलं, "उद्या माझा हात थांबला, तर माझ्याही नावाचा असाच कागद निघेल का, साहेब?" हॅलोरननी कागद सरळ केला. अमारी म्हणाला, "मग हीच खोली बरी. छत लाल आहे तेवढंच." कागद मी सही न करता परत दिला.

परीक्षा १४ मार्चला, शनिवारी. तू शुक्रवारी ये. बस स्टेशनवर ड्वेन गाडी घेऊन येईल, त्याने स्वतःहून सांगितलंय. तो फार बोलणार नाही, तूही बोलू नकोस, डबा देईल तो खा. तिथून थेट दुकानात. कात्री आण. खुंट्यावरचा शर्ट पुतळ्याला मी घालून ठेवीन. आधी तो, मग आजीकडे जेवायला.

लेम्युएल

ता. क. हे पत्र ओडेसाने वाचलं. म्हणाली, माफी मागता येत नसेल तर निदान आकडा तरी लिही, त्याला कळू दे तू कशावर पाणी सोडलंस ते. तर लिहितो. टेव्हॉन ग्रॉसचं नाव काढलं, या वाक्याखाली मी न केलेली सही, आणि तिची किंमत: वर्षाला चौऱ्याऐंशी हजार डॉलर, तीन वर्षं.